हिवतापाच्या निदानाचे निकष : पानथरीपासून रेणवीय चाचणीपर्यंतचा इतिहास

गोषवारा

हिवतापाचा रुग्ण कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. वाढलेली पानथरी, काचपट्टीवर दिसणारा परजीवी, रक्तातील प्रतिजन आणि परजीवीचा डीएनए हे निदानाचे चार निकष या काळात क्रमाने पुढे आले. प्रत्येक नव्या निकषाचे मोजमाप त्याच्या आधीच्या निकषाने झाले, आणि त्यामुळे मूल्यमापनात एक मूलभूत पेच निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात या क्रमाचा ऐतिहासिक मागोवा घेऊन रेणवीय चाचण्यांच्या मूल्यमापनाचे स्वरूप, त्यांचे यश आणि त्यांच्या मर्यादा यांची चर्चा केली आहे.

१. प्रस्तावना

आयुर्वेदाच्या ग्रंथांत विषमज्वराचे सततक, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक असे प्रकार सांगितले आहेत. ताप किती अंतराने येतो यावरून केलेले हे वर्गीकरण आहे. मराठीतील ‘हिवताप’ या शब्दातही हीव भरून येणे हे लक्षणच मुख्य आहे. म्हणजेच दीर्घ काळ रोगाची ओळख आणि रोगाचे लक्षण या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. ज्याला थंडी वाजून ठरावीक अंतराने ताप येतो, तो हिवतापाचा रोगी होय.

एकोणिसाव्या शतकात ही ओळख हळूहळू रोग्याच्या सांगण्यावरून काढून परीक्षकाच्या हाती देण्यात आली. वैद्यकाच्या इतिहासात या स्थित्यंतराचे वर्णन बहुधा शोधांची मालिका म्हणून केले जाते : लॅव्हरान, रॉस, मग डीएनए. परंतु शोध लागणे आणि त्या शोधावर आधारलेली चाचणी विश्वासार्ह ठरणे या दोन भिन्न घटना आहेत. दुसरी घटना संथ आणि वादग्रस्त असते, आणि तिचे परिणाम प्रयोगशाळेपेक्षा खेड्यापाड्यांत अधिक जाणवतात. प्रस्तुत निबंधाचा विषय ही दुसरी घटना आहे.

२. पानथरीचे प्रमाण

हिवताप मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न भारतात झाला, ही बाब फारशी परिचित नाही. उत्तर भारतात यमुनेच्या जुन्या कालव्यांचे पुनरुज्जीवन झाल्यानंतर कालव्याकाठच्या गावांत तापाचे प्रमाण वाढल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. नव्या कालव्यांच्या योजना समोर असल्याने सरकारने १८४५ मध्ये बेकर, डेम्प्स्टर आणि यूल यांची समिती नेमली. समितीचा अहवाल १८४७ मध्ये सादर झाला.

समितीपुढील अडचण उघड होती. ज्या ऋतूत ताप नसतो त्या ऋतूत गावाला भेट दिली, तर गाव तापग्रस्त आहे की नाही हे कसे ठरवावे? डेम्प्स्टर यांनी यावर साधा उपाय योजला. वारंवार हिवताप झालेल्या माणसाची पानथरी वाढते आणि ती पोट चाचपून कळते. म्हणून गावातील काही माणसे तपासून त्यांपैकी किती जणांची पानथरी वाढली आहे, यावरून त्या गावाची स्थिती ठरवावी. पुढे ‘प्लीहा निर्देशांक’ या नावाने ही पद्धत जगभर वापरली गेली आणि विसाव्या शतकातही हिवतापाच्या सर्वेक्षणात तिला स्थान राहिले.

या पद्धतीत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, तिने व्यक्तीऐवजी गावाचे निदान केले. दुसरी, ही चाचणी कोणत्याही अन्य चाचणीशी ताडून पाहिलेली नव्हती, कारण ताडण्याजोगे काही उपलब्धच नव्हते. काळा आजारासारख्या अन्य व्याधींतही पानथरी वाढते. तरीही कालवा कोठून न्यावा आणि पाण्याचा निचरा कसा करावा या प्रशासकीय प्रश्नाला तेवढे उत्तर पुरेसे होते. चाचणीचे मूल्य ती कोणत्या प्रश्नासाठी वापरली जाते यावर अवलंबून असते, हे सूत्र येथे प्रथम दिसते.

३. काचपट्टीवरील परजीवी

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथील लष्करी रुग्णालयात शार्ल लुई आल्फोन्स लॅव्हरान या फ्रेंच वैद्याला एका सैनिकाच्या ताज्या रक्तात हालचाल करणारे तंतुयुक्त जीव दिसले. हिवताप दूषित हवेने होतो, हा समज रूढ असल्याने या निरीक्षणाकडे प्रथम संशयाने पाहिले गेले. इटलीतील गोल्जी यांनी १८८५-८६ च्या सुमारास तापाच्या पाळ्या आणि रक्तातील परजीवीचे विभाजन यांचा मेळ दाखवून दिला, तेव्हा तृतीयक व चतुर्थक या जुन्या प्रकारांना एक नवा, दृश्य आधार मिळाला.

मात्र परजीवी दिसणे ही बाब रंजनावर अवलंबून होती. १८९१ मध्ये रोमानोव्हस्की यांनी मेथिलीन ब्ल्यू व इओसिन यांच्या मिश्रणाने परजीवीचे केंद्रक वेगळ्या रंगात दाखविले. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हँबुर्ग येथील गुस्ताव्ह गीम्सा यांनी या मिश्रणाला स्थिर रूप दिले. हेच गीम्सा रंजन आजही वापरात आहे. सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात परजीवी पाहणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी १९०३ मध्ये जाड थेंबाची पद्धत सुचविली. पातळ थरापेक्षा जाड थेंबात अधिक रक्त तपासले जात असल्याने विरळ परजीवीही सापडण्याची शक्यता वाढली.

अशा रीतीने काचपट्टी ही प्रमाणभूत चाचणी बनली. पण ती कोणाशी ताडून प्रमाणभूत ठरली? परजीवी प्रत्यक्ष दिसतो, एवढाच तिचा आधार होता. दिसला म्हणजे आहे, हे विधान सामान्यतः मान्य करता येते. दिसला नाही म्हणजे नाही, हे विधान मात्र कधीही सिद्ध झाले नव्हते. उत्तम प्रशिक्षित तंत्रज्ञ एका मायक्रोलिटर रक्तात दहा-वीस परजीवी असले तरी ते शोधू शकतो, परंतु नित्याच्या कामाच्या रेट्यात ही मर्यादा पन्नास ते शंभरापर्यंत जाते. त्याखालील संसर्ग काचपट्टीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

४. काचपट्टीचे प्रशासन

स्वतंत्र भारतात काचपट्टी हे राष्ट्रीय कार्यक्रमाचे एकक झाले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी रुग्ण व आठ लाख मृत्यू होत असावेत असा अंदाज होता. १९५८ मध्ये नियंत्रणाचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. डीडीटीच्या फवारणीनंतर १९६५ मध्ये नोंदविलेल्या रुग्णांची संख्या सुमारे एक लाखावर आली आणि त्या वर्षी मृत्यूची नोंद झाली नाही. त्यानंतर रोग पुन्हा उसळला. १९७६ मध्ये चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि १९७७ मध्ये सुधारित कार्ययोजना अमलात आली.

या काळात आरोग्य कर्मचारी पंधरवड्यातून एकदा घरोघर जाऊन ताप असलेल्यांचे रक्तनमुने घेत असे. वर्षभरात लोकसंख्येच्या दहा टक्के रक्तनमुने तपासले जावेत, असा दंडक होता. नमुना घेतेवेळी क्लोरोक्विनच्या गोळ्यांचा गृहीतोपचार दिला जाई आणि काचपट्टीत परजीवी आढळल्यास नंतर समूळ उपचार होई. ही व्यवस्था कागदावर नेटकी होती. प्रत्यक्षात दुर्गम भागातील काचपट्टी प्रयोगशाळेत पोहोचून तिचा निकाल परत येईपर्यंत कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे जात. फॅल्सिपेरम हिवताप मेंदूत शिरण्यास इतका अवधी लागत नाही.

या टप्प्यावर चाचणीच्या गुणवत्तेचे दोन अर्थ वेगळे झाले. प्रयोगशाळेतील अचूकता हा एक अर्थ, आणि निकाल उपचाराच्या वेळी हाती असणे हा दुसरा. पुढील काळातील रेणवीय चाचण्यांचे मूल्यमापन प्रामुख्याने पहिल्या अर्थाने झाले, दुसऱ्याकडे तुलनेने उशिरा लक्ष गेले.

५. रेणवीय पद्धतीचा उदय

१९८४ मध्ये स्वीडिश संशोधकांच्या गटाने फॅल्सिपेरमच्या डीएनएतील पुनरावृत्त क्रमाचा शोधक वापरून रक्तनमुन्यांचे परीक्षण करता येते, असे दाखविले. ही पद्धत किरणोत्सारी खुणेवर अवलंबून होती आणि काचपट्टीपेक्षा फारशी सरस ठरली नाही. खरा बदल पॉलिमरेज साखळी अभिक्रियेने, म्हणजे पीसीआरने घडविला. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये कल्पिलेल्या या पद्धतीत डीएनएचा निवडक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होत जातो.

हिवतापाच्या बाबतीत निर्णायक ठरले ते जॉर्जेस स्नूनू व सहकाऱ्यांचे १९९३ मधील कार्य. त्यांनी परजीवीच्या रायबोसोमल आरएनएच्या लहान उपघटकाच्या जनुकावर आधारित दुहेरी पीसीआर मांडली. पहिल्या फेरीत प्लाझ्मोडियम ही प्रजाती आहे किंवा नाही हे कळे आणि दुसऱ्या फेरीत चार जातींपैकी कोणती हे ठरे. हे जनुक परजीवीच्या जनुकसंचात अनेक प्रतींत असल्याने चाचणीला बळ मिळाले. मायक्रोलिटरमागे एखाददुसरा परजीवी असला तरी तो सापडू लागला. पुढे २००० नंतर वास्तवकालीन पीसीआर आली. जपानमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेली ‘लॅम्प’ पद्धत एकाच तापमानावर, सुमारे साठ ते पासष्ट अंश सेल्सियसवर, तासाभरात निकाल देणारी असल्याने लहान प्रयोगशाळांना आशादायक वाटली. २०१५ मध्ये याहूनही अधिक प्रतींत आढळणारे क्रम लक्ष्य करणाऱ्या फॅल्सिपेरमच्या अतिसंवेदनशील चाचण्या प्रसिद्ध झाल्या.

६. मूल्यमापनाचा पेच

नव्या चाचणीची संवेदनशीलता व विशिष्टता जुन्या प्रमाणभूत चाचणीशी ताडून काढण्याचा प्रघात आहे. पण नवी चाचणी जुनीपेक्षा सरस असेल तर काय होते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हजार लोकांच्या गावात शंभर जणांना खरोखर संसर्ग आहे. काचपट्टीने त्यांपैकी पन्नास सापडले. पीसीआर पूर्णतः निर्दोष असून तिने शंभरही सापडले. आता काचपट्टीला प्रमाण मानून हिशेब केला, तर पीसीआरची संवेदनशीलता शंभर टक्के येते. विशिष्टता मात्र ९५० पैकी ९००, म्हणजे ९४.७ टक्के भरते, आणि तिचे निम्मे होकारात्मक निकाल ‘खोटे’ ठरतात. चूक काचपट्टीची असते, दोष मात्र पीसीआरच्या नावावर लागतो.

काचपट्टीने निम्मे संसर्ग हुकणे हे उदाहरणापुरते गृहीत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील सर्वेक्षणे एकत्र करणाऱ्या ओकेल व सहकाऱ्यांच्या विश्लेषणात पीसीआरने आढळलेल्या फॅल्सिपेरम संसर्गांपैकी सरासरी सुमारे निम्मेच काचपट्टीत दिसल्याचे आढळले होते.

या पेचातून सुटण्याचे तीन मार्ग अवलंबिले गेले. पहिला, केवळ विसंगत निकालांची तिसऱ्या चाचणीने फेरतपासणी करणे. हा मार्ग सोपा असला तरी संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर रास्त आक्षेप घेतला. जेथे दोन्ही चाचण्या सहमत आहेत तेथील चुका तपासल्याच जात नसल्याने निष्कर्ष नव्या चाचणीच्या बाजूने झुकतो. दुसरा मार्ग हुई व वॉल्टर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या विचारावर आधारलेला आहे : कोणतीही चाचणी निर्दोष न मानता, भिन्न प्रादुर्भाव असलेल्या लोकसमूहांतील निकालांवरून सर्व चाचण्यांची अचूकता एकत्रच अनुमानित करणे. तिसरा मार्ग प्रमाणीकरणाचा होय. फॅल्सिपेरम डीएनएसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणद्रव्य २००६ मध्ये मान्य झाले. त्यामुळे निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल एका मापाने मोजण्याची सोय झाली. त्यापूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेची ‘घरगुती’ पीसीआर वेगळी होती आणि तिचे दावेही वेगळे होते.

याशिवाय प्रादुर्भावाचा प्रश्न उरतोच. संवेदनशीलता व विशिष्टता दोन्ही ९५ टक्के असलेली चाचणी, ज्या गावात चाळीस टक्के लोक संसर्गित आहेत तेथे वापरली, तर दर शंभर होकारांपैकी सुमारे ९३ खरे असतात. तीच चाचणी एक टक्का संसर्गाच्या गावात वापरली, तर शंभरांतील जेमतेम १६ होकार खरे ठरतात. चाचणी तीच असते, गाव बदलते. निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात प्रादुर्भाव घटत जातो तसतशी चाचणीच्या विशिष्टतेची कसोटी अधिकाधिक कडक होते.

७. सारावाकचा धडा

रेणवीय चाचणीने केवळ संख्या वाढविली नाही, तर रोगाचे चित्रही बदलले. याचे ठळक उदाहरण मलेशियातील सारावाक राज्यात मिळते. तेथील कपित विभागात काचपट्टीवरून ‘मलेरी’ जातीचे मानलेले रुग्ण नेहमीपेक्षा अधिक तीव्र आजारी दिसत होते. बलबीर सिंग, जॅनेट कॉक्स-सिंग व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०८ रुग्णांचे नमुने पीसीआरने तपासले. त्यांपैकी १२०, म्हणजे ५८ टक्के रुग्णांत माकडांतील नोलेसी ही जाती आढळली. सूक्ष्मदर्शकाखाली या दोन जाती जवळजवळ सारख्या दिसतात.

या कथेचा आरंभ भारतात आहे. १९३२ मध्ये कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील नोल्स व दासगुप्ता यांनी माकडातील हा परजीवी मानवात संक्रमित होऊ शकतो, हे प्रयोगाने दाखविले होते. त्याच वर्षी सिंटन व मलिगन यांनी त्याला नोल्स यांचे नाव दिले. मानवातील पहिला नैसर्गिक संसर्ग १९६५ मध्ये नोंदला गेला, आणि पुढे जवळजवळ चार दशके हा अपवाद समजला गेला. काचपट्टीला जे वेगळे ओळखता येत नव्हते, ते वैद्यकाच्या दृष्टीने दुर्मीळ ठरले.

तथापि याच कथेचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. नोलेसी ओळखण्यासाठी वापरलेले मूळ प्रायमर क्वचित व्हायव्हॅक्सच्या डीएनएशीही जुळतात आणि त्यामुळे चुकीचा होकार मिळू शकतो, असे २००९ मध्ये निदर्शनास आले. म्हणजे काचपट्टीची चूक दुरुस्त करणारी चाचणीही तपासणीच्या पलीकडे नव्हती.

८. जलद चाचणी आणि लुप्त जनुक

१९९० च्या दशकात रक्तातील प्रतिजन ओळखणाऱ्या जलद चाचण्या आल्या. त्यांपैकी बहुतेक फॅल्सिपेरमच्या एचआरपी-२ या प्रथिनावर आधारलेल्या होत्या. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, वीस-एक मिनिटांत निकाल. काचपट्टीच्या विलंबावर हा प्रभावी उपाय ठरला. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपचारापूर्वी प्रत्येक संशयित रुग्णाची परजीवी-तपासणी करावी अशी शिफारस केली, ती या चाचण्यांमुळेच व्यवहार्य झाली. आशा कार्यकर्तीच्या पिशवीत निदान आले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु त्याच वर्षी पेरूच्या अमेझॉन खोऱ्यातून वेगळी बातमी आली. तेथील फॅल्सिपेरमच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ४१ टक्के नमुन्यांत एचआरपी-२ चे जनुकच नव्हते. असा परजीवी जलद चाचणीला दिसत नाही. रुग्णाला ‘हिवताप नाही’ असे सांगितले जाते आणि तो उपचाराविना घरी जातो. पुढे अशा परजीवींची नोंद भारतातील काही राज्यांतही, मात्र अल्प प्रमाणात झाली. इरिट्रियाला २०१६ मध्ये या कारणास्तव राष्ट्रीय स्तरावर चाचणी बदलावी लागली. अशा लुप्त जनुकांमुळे हुकणाऱ्या रुग्णांचे प्रमाण पाच टक्क्यांवर गेल्यास चाचणी बदलावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. जनुक खरोखर लुप्त आहे हे ठरविण्याचे साधन मात्र रेणवीय चाचणी हेच होय. म्हणजे ज्या चाचणीला खेड्यात स्थान नाही, तिच्यावाचून खेड्यातील चाचणीचा भरवसा टिकत नाही.

९. निदान कोणासाठी?

रेणवीय चाचणी इतकी संवेदनशील असताना तिला नित्याच्या निदानात स्थान का नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. २०१४ च्या धोरणपत्रकात जागतिक आरोग्य संघटनेने अतिसूक्ष्म संसर्ग शोधणाऱ्या या चाचण्या साथरोगशास्त्रीय संशोधन व सर्वेक्षणासाठी योग्य मानल्या, रुग्णांच्या नित्य उपचारासाठी नव्हे. यामागे खर्च, प्रशिक्षण आणि नमुन्यांतील परस्पर दूषितीकरणाचा धोका ही कारणे आहेतच. पण त्याहून महत्त्वाचे कारण संकल्पनात्मक आहे. दीर्घकाळ हिवतापग्रस्त असलेल्या भागात अनेकांच्या रक्तात परजीवी असतो, परंतु ताप नसतो. अशा व्यक्तीला अन्य कारणाने ताप आला आणि पीसीआर होकारात्मक आली, तर त्या तापाचे कारण हिवतापच आहे असे म्हणता येत नाही. अतिसंवेदनशील चाचणी येथे वैद्याची दिशाभूल करू शकते.

उलट निर्मूलनाच्या दृष्टीने तीच ताप नसलेली व्यक्ती महत्त्वाची ठरते, कारण तिच्यापासून डासांना संसर्ग होऊ शकतो. भारताने २०३० पर्यंत हिवतापाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार सोसत आलेल्या गडचिरोलीसारख्या अरण्यप्रदेशात हा विचार प्रत्यक्ष कामाचा प्रश्न बनतो. ताप नसलेल्या माणसाच्या बोटातून रक्त घ्यावे का, घेतले तर त्याचा निकाल त्याला किती दिवसांत कळवावा, आणि जो स्वतःला आजारी समजत नाही त्याला औषध कोणत्या अधिकाराने द्यावे, हे प्रश्न केवळ संवेदनशीलतेच्या आकड्याने सुटत नाहीत. बंगळुरूत विकसित झालेल्या व गोव्यातून पुरविल्या जाणाऱ्या ‘ट्रूनॅट’सारख्या बॅटरीवर चालणाऱ्या लहान यंत्रांनी क्षयरोग व कोविडच्या निमित्ताने रेणवीय चाचणी जिल्ह्याच्या गावापलीकडे नेली आहे. त्यामुळे तंत्राची अडचण कमी होत आहे आणि धोरणाची अडचण अधिक स्पष्ट होत आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) हिवतापाची ‘प्रमाणभूत’ चाचणी ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून प्रत्येक काळात उपलब्ध साधनांतून मान्य झालेला संकेत आहे. काचपट्टीचे प्रामाण्य तिच्या अचूकतेपेक्षा तिच्या प्रत्यक्षतेवर उभे होते.

२) नव्या चाचणीचे मूल्यमापन केवळ जुन्या चाचणीशी ताडून केल्यास जुन्या चाचणीच्या उणिवा नव्या चाचणीचे दोष म्हणून नोंदल्या जातात. मूल्यमापन वाचताना तुलना कशाशी केली आहे आणि अभ्यास कोणत्या प्रादुर्भावाच्या प्रदेशात झाला आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे.

३) रेणवीय चाचण्यांनी सूक्ष्म संसर्ग, नोलेसीचा प्रसार आणि लुप्त जनुके या तीन बाबी उजेडात आणल्या, ज्या अन्य कोणत्याही नित्य चाचणीला दिसल्या नसत्या. मात्र त्या स्वतःही सतत तपासल्या जाणे आवश्यक आहे.

४) व्यक्तीचे निदान आणि समाजाचे निदान यांचे निकष भिन्न आहेत. डेम्प्स्टर यांनी १८४७ मध्ये गावाचे निदान केले, तेव्हा व्यक्तीला उपचार देणे हा त्यांचा हेतू नव्हता. आजच्या कार्यक्रमाला दोन्ही हेतू एकाच वेळी साधावयाचे आहेत. त्यासाठी तापाच्या रुग्णाकरिता जलद चाचणी व काचपट्टी, त्यांच्यावर देखरेख ठेवण्याकरिता व छुपे संसर्ग शोधण्याकरिता प्रादेशिक रेणवीय प्रयोगशाळा, आणि रक्त देणाऱ्या प्रत्येकापर्यंत ठरलेल्या मुदतीत निकाल पोहोचविण्याची जबाबदारी, अशी विभागणी इष्ट वाटते. यांतील तिसरी बाब सर्वांत कमी खर्चाची आहे. काचपट्टीच्या काळात तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष झाले होते.